बारावीचं इंग्लिश : भाचीला आयतं उत्तर न देता कसं शिकवू? (नाशिक)

सिडकोची_मावशी :
नमस्कार मंडळी. बहिणीची मुलगी यंदा बारावी सायन्सला, क्लास सुटला की थेट आमच्याकडे येते आणि इंग्लिशची वही पुढे सरकवते, "मावशी एवढं सांगून टाक ना, फिजिक्स राहिलंय". सांगितलं की लिहून मोकळी, नाही सांगितलं की गाईड उघडते, डोकं दोन्हीकडे बंदच. मी बीकॉम, इंग्लिश ठीकठाक आहे पण शिकवायची सवय नाही.

सध्या अडलंय ते सरोजिनी नायडूंच्या 'इंडियन वीव्हर्स' वर. आयुष्याच्या तीन अवस्था असं पाठ आहे, पण कवितेत हे दाखव म्हटलं की गप्प. सिमिली (उपमा) की मेटाफर (रूपक) तर सरळ तुक्का. शिवाय रिपोर्टेड स्पीच, 'ही आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग' ही चूक काही केल्या सुटत नाही, नियम तोंडपाठ असून.

मागवाला :
गाव येवला त्यामुळे ही कविता आमचीच 😄 ताई, गाईड बाजूला ठेवा आणि तिला कोरा कागद द्या. प्रत्येक कडव्यातली वेळ, रंग, कापड कोणाचं, एवढंच तिनेच काढायचं. पहाट, निळा, तान्ह्या बाळाचे कपडे. मग रात्र पडताना जांभळा-हिरवा, राणीच्या लग्नातली ओढणी. शेवटी गार चांदण्यात पांढरं कफन. हे समोर मांडलं की तीन अवस्था कोणी सांगाव्या लागत नाहीत. निळा रंग खंड्याच्या पंखासारखा, जांभळा-हिरवा मोरपिसांसारखा, पांढरा पीस आणि ढगासारखा, तिन्हीकडे 'अ‍ॅज' नाहीतर 'लाइक' आहे म्हणजे सिमिलीच. मोरपिसं पटत नसतील तर एक रविवार येवल्याला घेऊन या, पैठणीच्या पदरावर मोर बघू दे.
आणि हो, तिसऱ्या कडव्यातला प्रश्न पहिल्या दोघांसारखा नाहीये. कसा ते सांगू नका, शोधू दे.

नापास_बेंच :
सायन्सवाल्यांना एवढं कशाला, पासिंगपुरतं गाईड बस झालं. सीईटीला कविता विचारत नाहीत.

खडू_फळा :
पासिंगचं राहू द्या, पुढे मेल लिहिताना हीच मुलं अडतात. रिपोर्टेड स्पीचचं असं आहे की मराठीत आपण बोललेलं वाक्य जसंच्या तसं ठेवतो आणि पुढे 'असं' लावतो, 'तू कुठे चाललीस असं त्याने विचारलं'. प्रश्न प्रश्नच राहतो. इंग्लिशमध्ये त्याचं साधं वाक्य करावं लागतं, आणि हे नियमांच्या तक्त्यात असतं पण कोणी समजावत नाही. आधी तिला नुसतं 'आय वॉज गोइंग' लिहायला लावा, मग त्याच्या आधी 'व्हेअर' चिकटवा. हो-नाहीचा प्रश्न असेल तर 'इफ'. वर्कबुकपेक्षा घरातलं बोलणं घ्या, सकाळी आई काय काय म्हणाली ते इंग्लिशमध्ये सांग म्हणावं, आईकडे प्रश्न कमी नसतात.

सिडकोची_मावशी :
मागवाले दादा, सापडलं तिला! पहिल्या दोन कडव्यांत 'व्हाय' विचारलंय आणि तिसऱ्यात 'व्हॉट'. वर म्हणते कशी, पांढरं कापड, त्यात चांदणं, विचारणाऱ्याला आधी ते आहे काय हेच कळत नसणार. हे कुठल्या गाईडात नसेल बहुतेक, अ‍ॅप्रिसिएशनमध्ये (रसग्रहणात) लिहायला सांगितलंय. आईचा रिपोर्ट पण झाला, बहीण वैतागली.
आता नवीन. 'शी वॉज टू टायर्ड टू वॉक', यातला पहिला 'टू' काढायचाय. हिने 'सो टायर्ड दॅट शी कॅननॉट वॉक' लिहिलंय, मला खटकतंय पण का ते सांगता येईना.

खडू_फळा :
'सो… दॅट' आणि 'नॉट' बरोबर आलंय, म्हणजे अर्धं काम झालं. मूळ वाक्यातल्या 'वॉज'खाली रेघ मारा आणि वही तिच्याकडे परत सरकवा, बाकी काही बोलू नका. 'कुड नॉट' तिचं तिलाच सुचलं पाहिजे.