खांदा आखडलाय अन् वेरूळ-अजिंठ्याला स्केचिंगला जायचंय

रंगवेडी_परभणी: चार महिन्यांपासून उजवा खांदा आखडलाय, फिजिओ चालू आहे, आधी केसात कंगवाबी घालता येत नव्हता आता हात कानापर्यंत जातो. डिसेंबरात पाच दिवस जायचं ठरवलंय पण घरी सासूबाईंच्या गोळ्या, पोराची शाळा, अन् भाकरी थापताना कळ निघाली की वाटतं राहू द्यावं. मन मात्र ऐकंना. चित्र नाही काढलं की मी सगळ्यांवर खेकसते. सामान किती न्यावं?

कुंचला: ताई पाच कशाला, तीनच दिवस करा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी, ते बघून तिकीट काढा. अजिंठ्याला फर्दापूरजवळ गाडी सोडून बसनं जावं लागतं अन् मग पायऱ्या, म्हणून ईझल-बिझल घरीच. लेण्यात उजेड कमी, रंग लावायच्या भानगडीत पडू नका, पेन्सिलनं टिपून घ्या. वेरूळचं 16 नंबरचं कैलास लेणं वरून खाली कोरलंय, मान वर करून काढत बसलात तर खांदा बोंबलंल, बाजूच्या टेकडीवरून वरून बघत काढा.

लातूरकर: माझी बायको मातीकाम करते, ती गेली की भाकऱ्या मी करतो. पहिल्या दिवशी नकाशेच झाले, पण खाल्ले सगळ्यांनी! गोळ्यांचा वारांच्या खणांचा डबा मिळतो मेडिकलवर, तो भरून ठेवा.

रंगवेडी_परभणी: अहो मी वेरूळ मंगळवारीच ठरवलं होतं 😅 बदलते. नवऱ्याला तुमची भाकरी वाचून दाखवली, गप्प बसलाय.