फर्गसनवरचा माहितीपट १९९९ लाच का संपतो?

मधली_फळी
मँचेस्टर युनायटेडचा जुना मॅनेजर सर ॲलेक्स फर्गसन, त्याच्यावरच्या २०२१ च्या माहितीपटाबद्दल परवा इथे एकानं लिहिलं, की हा बघितला म्हणजे फर्गी कळला. जिद्द, ग्लासगोतल्या गोव्हन या गोदीवस्तीची शिस्त आणि घरच्यांची साथ, बाकी सगळं गौण. त्यावर धडाधड +१ पडले. दोन ओळींत उत्तर मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

जेसन फर्गसननं वडिलांवर प्रेमानं सिनेमा केलाय, त्याबद्दल तक्रार नाही. २०१८ चा मेंदूतला रक्तस्राव, स्मरणशक्तीच गेली तर काय ही धास्ती आणि त्या धास्तीपोटी मागे वळून बघणं, ही चौकट छानच आहे. पण मागे वळून दिसतं काय? गोव्हनच्या गोद्या, खेळाडू म्हणून रेंजर्समधला अपमान, ॲबर्डीनची मॅनेजरकी, युनायटेडची रडतखडत सुरुवात आणि २६ मे १९९९ ची बार्सिलोनातली, बायर्न म्युनिकविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग फायनलची रात्र. तिथे शिखर आणि तिथेच जवळपास पडदा. युनायटेडमधल्या त्याच्या १३ लीग विजेतेपदांपैकी ८ त्यानंतरची आहेत. दोनपैकी एक चॅम्पियन्स लीग, २००८ ची, त्यानंतरची आहे.

जिद्द काय, सगळ्यांकडेच असते. जिंकणारा संघ स्वतःच्या हातानं मोडून नवा उभारायची पद्धत फर्गसनकडे होती, आणि ती दाखवायची तर शिखरानंतरची वर्षं लागतातच. १९९५ च्या उन्हाळ्यात इन्स, ह्यूज, कान्चेल्स्किस तिघंही गेले आणि त्यांच्या जागी एकही मोठी खरेदी झाली नाही. हे जमलं कारण १९९२ चा युथ कप जिंकलेली पोरं तोवर मुरली होती. सप्टेंबर १९९४ मध्ये पोर्ट व्हेलविरुद्ध लीग कपात त्यांना उतरवलं तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. १९९६ ला डबल आलं, म्हणजे लीग आणि एफए कप दोन्ही.

दुसऱ्या खेपेला हाच डाव अंगाशी यायची वेळ आली. नोव्हेंबर २००५ मध्ये कर्णधार कीन गेला तेव्हा त्याच्या जागी तयार माणूसच नव्हता. डिसेंबरात बेन्फिकाकडून हरून युरोपातल्या गटात तळाला. जानेवारीत विडिच आणि एव्हरा आले, एव्हराला तर मँचेस्टर सिटीविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात हाफटाइमला बाहेर काढावं लागलं. उन्हाळ्यात व्हॅन निस्टेलरॉय गेला, कॅरिक आला, आणि २००७ ला लीग परत. यातलं पडद्यावर काय आहे? आणि सहायकांचं काय? २००८ च्या बार्सिलोना सेमीफायनलआधी केरोझनं सरावाच्या मैदानावर व्यायामाच्या मॅट टाकून कोणी नेमकं कुठे उभं राहायचं ते दाखवलं होतं. दोन लेगमध्ये एकही गोल खाल्ला नाही. ही जिद्द नाही, ही आखणी आहे.

स्ट्रेटफर्ड_एंड
तुम्हाला माहितीपट नको होता, वार्षिक अहवाल हवा होता. दोनेक तासांच्या सिनेमात ३९ वर्षांची कारकीर्द कोंबली की त्याची क्लिपांची माळ होते. त्या माणसाला भीती कशाची आहे? आठवणी जाण्याची. मग तो कुठल्या आठवणी उराशी धरेल? वडील, गोदी, १९६९ ची स्कॉटिश कप फायनल. सेल्टिकच्या मॅकनीलला मार्क करायची जबाबदारी त्याची, मॅकनीलनं दुसऱ्याच मिनिटाला हेडर मारला, सेल्टिक ४-०. रेंजर्सनं ६५ हजार पौंड मोजून घेतलेला माणूस त्यानंतर संपला. पुढच्या सगळ्या कारकिर्दीचं इंधन तिथे आहे. एव्हराचा हाफटाइम नसला म्हणून कोणाचं काय अडलं?

ग्रॅनाइट_सिटी
तुमचं दोघांचं युनायटेड-युनायटेड चालू द्या. खरा वारसा ॲबर्डीनला आहे. १९८० ते ८६ मध्ये ३ लीग, ४ स्कॉटिश कप, एक लीग कप, कप विनर्स कप आणि सुपर कप. १९८५ ची लीग ॲबर्डीननं जिंकली आणि त्यानंतरची ४० वर्षं स्कॉटलंडची लीग सेल्टिक आणि रेंजर्स सोडून कोणाच्या हाती लागली नाही. गोथेनबर्गच्या कप विनर्स कप फायनलला रिअल माद्रिदला २-१ हरवणारे सगळे ११ जण स्कॉटिश होते.

मधली_फळींचा मुद्दा मात्र इथेही लागू पडतो, हे नाइलाजानं लिहितो. मार्च १९८३, त्याच कपाचा सामना, ॲबर्डीनचं मैदान पिटोड्री, बायर्न म्युनिक २-१ नं पुढे. फ्री किकवर स्ट्रॅकन आणि मॅकमास्टर दोघेही बॉलकडे धावतात, एकमेकांत घोळ झाल्यासारखं थांबतात, बायर्नचे बचावपटू सैलावतात, तेवढ्यात स्ट्रॅकन वळून बॉल आत टाकतो आणि मॅकलीशचा हेडर. मिनिटभरात ह्युइटचा तिसरा. तो घोळ सरावात घोटून घेतलेला होता. याला 'ॲबर्डीनची भूक' म्हटलं की निम्मी हुशारी वाया गेली.

ऑफसाइड_आजोबा
आणि फायनलआधी स्कॉटलंडचा मॅनेजर जॉक स्टीनच्या सल्ल्यावरून रिअलचा मॅनेजर दी स्टेफानोला व्हिस्कीची बाटली भेट. आम्ही बापडे इथवर आलो हेच खूप, असं समोरच्याला वाटावं म्हणून. फर्गसन आणि नम्रता! हा प्रसंग शिकवायला हवा.

कर्जमुक्त_क्लब
१९९९ ला पडदा का पडतो यावर कोणीच बोलत नाहीये. १९९९ नंतर घोडा येतो, म्हणून.

रॉक ऑफ जिब्राल्टर. २००१-०२ मध्ये सलग ७ ग्रुप वन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या शर्यती जिंकलेला घोडा, फर्गसनच्या रंगात धावायचा. निवृत्त झाल्यावर खरा पैसा प्रजननाचा, आणि त्यात अर्धा हक्क माझा असा फर्गसनचा दावा. समोर जॉन मॅग्नियर, म्हणजे मॅकमॅनससोबत क्लबचा सगळ्यात मोठा भागधारक. फर्गसन डब्लिनच्या कोर्टात गेला. जानेवारी २००४ मध्ये त्या दोघांनी संचालक मंडळाला खेळाडूंच्या खरेदीविक्रीबद्दल ९९ प्रश्न पाठवले. मार्चमध्ये तडजोड झाली, पण संबंध संपले. मे २००५ मध्ये त्यांनी आपले २८.७ टक्के शेअर ३०० पेन्सनं अमेरिकन उद्योजक ग्लेझरला विकले आणि क्लब गेला. एकूण किंमत ७९ कोटी पौंड, त्यातला मोठा भाग कर्जाऊ आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर. तोवर क्लबवर कर्ज नव्हतं. हा वारसा नाही?

स्ट्रेटफर्ड_एंड
आला घोडा. कुठलाही धागा असो, पाचव्या प्रतिसादात तबेला उघडतोच.

स्वीपर_कीपर
घोडा बाजूला ठेवू, पण दिग्दर्शकाचं बोलायलाच हवं. २००४ मध्ये बीबीसीनं जेसनच्या एजंटगिरीवर कार्यक्रम केला. गैरप्रकार काहीही सिद्ध झाला नाही, हे आधी स्पष्ट लिहिते. पण त्यावरून वडिलांनी बीबीसीशी २०११ पर्यंत बोलणं टाकलं होतं आणि क्लबनंही जेसनला आपल्या खरेदीविक्रीच्या व्यवहारांतून बाजूला ठेवलं. आता तोच मुलगा कॅमेऱ्यामागे. १९९९ ते २०१३ हा काळ त्याला तटस्थपणे दाखवता येणं अशक्यच होतं. त्यामुळे तो वगळला ही अप्रामाणिकता मानत नाही मी. कदाचित तोच प्रामाणिक मार्ग होता. मात्र मग 'पूर्ण वारसा' म्हणून कोणी +१ देऊ नये.

कर्जमुक्त_क्लब
म्हणजे माझंच म्हणणं जरा सभ्य शब्दांत.

स्वीपर_कीपर
अजिबात नाही. तुमच्या कथेत एका घोड्यामुळे क्लब विकला गेला. पब्लिक लिमिटेड कंपनी होती ती. ग्लेझर २००३ पासूनच शेअर गोळा करत होता. मॅग्नियर-मॅकमॅनसनं शेअर भक्तिभावानं घेतले नव्हते. फायद्यात विकणं हा त्यांचा धंदाच. घोड्यावरून वाजलं नसतं तरी ३०० पेन्सला त्यांनी नाही म्हटलं असतं कशावरून? फार तर मुहूर्त बदलला असता.

कर्जमुक्त_क्लब
मुहूर्तच तर महत्त्वाचा असतो! बरं, घोडा सोडा. त्यानंतर फर्गसन काय म्हणाला? ग्लेझर उत्तम मालक आहेत, कधी ढवळाढवळ करत नाहीत. २०१० मध्ये प्रेक्षक हिरवे-सोनेरी मफलर घालून निषेध करत होते. त्याच वर्षी जुनी कर्जं फेडायला क्लबनं ५० कोटी पौंडांचे रोखे काढले. मालकांच्या वेगळ्या कर्जावर १४.२५ टक्के व्याज, ऑगस्टपासून १६.२५, तेही दरवर्षी मुद्दलात मिसळत जाणारं. २००९ मध्ये रोनाल्डोचे ८ कोटी पौंड आले, बदल्यात व्हॅलेन्सिया, ओबर्तान आणि फुकटात आलेला ओवेन. वर सांगायचं की बाजारात किमती अवाजवी आहेत.

मधली_फळी
धागा माझा आहे, याची फक्त नोंद असावी.

ग्रॅनाइट_सिटी
फर्गसननं मग करायला काय हवं होतं? राजीनामा? कर्ज त्यानं काढलं नाही, सही त्याची नाही. उलट असल्या बजेटमध्ये २००७ ते २०१३ मध्ये ५ लीग आणि चॅम्पियन्स लीगच्या ३ फायनल. हे लपवण्यासारखं आहे की मिरवण्यासारखं?

कर्जमुक्त_क्लब
मिरवण्यासारखंच. म्हणून तर मालकांचं फावलं. पैसे न घालता हा माणूस जिंकून देतोय म्हटल्यावर कोण कशाला घालेल? भिंतीला ओल होती आणि फर्गसन वरून रंग देत राहिला. २०१३ ला रंगारी गेला, पोपडे पुढच्या मॅनेजरच्या, मोयेसच्या डोक्यावर पडले.

स्ट्रेटफर्ड_एंड
बस करा. २०१२-१३ ला ८९ गुण, दुसऱ्या क्रमांकावरच्या सिटीपेक्षा ११ जास्त. चॅम्पियन संघ हातात दिला होता. त्याचा सातवा नंबर करणं हे मोयेसचं कर्तृत्व, त्याचं बिल सर ॲलेक्सच्या नावावर फाडू नका. दे हेया २२, राफाएल २२, जोन्स २१, स्मॉलिंग २३, वेलबेक २२ वर्षांचा. कुठे आहे म्हातारा संघ?

मधली_फळी
बचावातली नावं वाचलीत, छान. आता कण्यावरून हात फिरवा. फर्डिनंड ३४, विडिच ३१, एव्हरा ३२, कॅरिक ३१, गिग्ज ३९, आणि स्कोल्स निवृत्त. २६ लीग गोल मारणारा व्हॅन पर्सी ऑगस्टमध्ये ३० चा होणार होता. तुम्ही सांगितलेल्या पोरांपैकी दे हेया आणि राफाएल सोडून कोणाला हक्काची जागा मिळाली? आणि २००७ च्या उन्हाळ्यात हारग्रीव्ह्ज आणि अँडरसन घेतल्यावर सहा वर्षं एकही तयार सेंट्रल मिडफिल्डर विकत घेतला नाही. हारग्रीव्ह्जचे गुडघे गेले, फ्लेचर आतड्याच्या आजारानं बाहेर, आणि जानेवारी २०१२ मध्ये स्कोल्सला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं. त्याच उन्हाळ्यात पोग्बा फुकटात युव्हेंटसला. १९९५ ला ज्या माणसानं जागा रिकाम्या करण्याआधी त्यात बसणारी पोरं तयार ठेवली होती, त्यानंच स्वतःची आवडती पद्धत शेवटी मोडली. का मोडली? पैसे नव्हते, की शेवटची एक लीग हवीच होती, की पोग्बाच्या एजंटशी पटलं नाही? हा सिनेमा कोणीतरी करायला हवा. गोव्हनची गोदी आता पाठ झाली.

स्ट्रेटफर्ड_एंड
सिटीनं २०१२ ला गोलफरकावर लीग हिसकावली होती. अशा वेळी ३-४ वर्षांची योजना बाजूला ठेवून व्हॅन पर्सीवर २.४ कोटी पौंड लावले आणि लीग आणली. मॅनेजरचं काम तेच आहे. शिवाय २०१३ च्या उन्हाळ्यात क्लबचा मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही गेला. वाटाघाटी करणारा आणि संघ घडवणारा एकाच वेळी बाहेर पडले, हे नियोजन संचालक मंडळाचं. त्यातली एवढी जबाबदारी सर ॲलेक्सचीही, की उत्तराधिकारी त्यांनीच सुचवला. घ्या, दिलं. खूश?

ऑफसाइड_आजोबा
कोणीतरी ही तारीख लिहून ठेवा रे.

स्वीपर_कीपर
मूळ विषयावर एक. १९९९ वर थांबायचंच, तर निदान १९९९ तरी नीट दाखवायचं. त्या हंगामात ६३ सामने आणि ५ पराभव. यॉर्क २९ गोल, कोल २४, सोल्स्कयार १८, आणि चौथा शेरिंगहॅम. चार स्ट्रायकर वर्षभर रुसू न देता फिरवले, म्हणून फायनलला ६७ व्या आणि ८१ व्या मिनिटाला बेंचवरून तयार माणसं उतरवता आली. कीन-स्कोल्स निलंबित, बेकहॅम मध्यभागी, गिग्ज उजवीकडे: ही मांडणी ८० मिनिटं चालली नव्हती, हेही सांगा. बायर्नच्या शोलचा बॉल खांबाला लागला, यांकरचा आडव्या दांड्याला. जिद्दीइतकंच लाकूडही कामी आलं.

आणि आधीची ठेच? नोव्हेंबर १९९४, बार्सिलोनाकडून ४-० नं हार. परदेशी खेळाडूंच्या मर्यादेमुळे डॅनिश गोलकीपर श्मायकेलला बाहेर ठेवून वॉल्शला गोलमध्ये उभं करावं लागलं, स्कॉटिश, वेल्श, आयरिशही त्या मोजणीत यायचे. ती मर्यादा युरोपियन कोर्टाच्या बॉसमन निकालानंतर गेली. इंग्लंडमध्ये सगळ्यांना लोळवणारा संघ युरोपात इतकी वर्षं का अडखळत होता, याचं मोठं उत्तर तिथे आहे. 'हार न मानण्या'च्या कथेत नियमावली बसत नाही, म्हणून ती गाळायची?

स्ट्रेटफर्ड_एंड
१९९४ चं मान्य. लाकडाचं अमान्य. बायर्ननं ८० व्या मिनिटाला मॅथॉइसला काढलं, तेही लाकडानं का? पहिल्या कॉर्नरवर बॉल नीट बाहेर न मारणारा फिंक त्याच्याच जागी आला होता. समोरच्यानं चूक करेपर्यंत दडपण सोडायचं नाही, हे फर्गसननं शिकवलेलं होतं.

कर्जमुक्त_क्लब
फिंकची चूक दिसते, १६.२५ टक्के दिसत नाहीत.

मधली_फळी
स्ट्रेटफर्ड, मॅथॉइसचं बरोबर. त्यातून माझाच मुद्दा पक्का होतो: बदल कोणते, कुठल्या मिनिटाला, कशासाठी, हे दाखवा. कर्जमुक्त, तुम्ही घोड्याचा स्वतंत्र धागा काढा, मी येतो, पण ९९ प्रश्नांत नेमकं काय विचारलं होतं त्याच्यासकट. आणि मिडफिल्डवर कोणी उत्तर देणार असेल तर २०१२ ला घेतलेला कागावा मोजू नका, तो दहा नंबर होता, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे खेळणारा.

स्ट्रेटफर्ड_एंड
कागावा मोजणारच. डॉर्टमुंडकडून आणलेला तयार मिडफिल्डर आहे तो. मोयेसनं त्याला डाव्या बाजूला टाकला, त्याला सर ॲलेक्स काय करणार?

मधली_फळी
डाव्या बाजूला आधी कोणी टाकला होता, ते २०१२-१३ च्या टीमशीट काढून बघा. मग बोलू.