घरच्या स्वयंपाकात कॅलरी मोजायच्या तर वजन नेमकं कधी करायचं?

कर्वेनगरकर
नमस्कार. डिजिटल वजनकाटा घेतलाय, पाच किलोपर्यंतचा, एकेक ग्रॅम दाखवणारा. स्वयंपाक चौघांचा एकत्र होतो आणि तो आई करते. ॲपमध्ये 'एक पोळी' शोधली की कुठे ७० कॅलरी दिसतात, कुठे १२०. भात कच्चा धरायचा की शिजलेला? वरणात पाणी रोज वेगळं. आईला प्रत्येक जिन्नस मोजायला लावायचं नाहीये. कमीत कमी त्रासात खरा आकडा कसा काढायचा? शिवाय तीच वाटी पुन्हा ठेवली तर काटा ३-४ ग्रॅम वेगळे दाखवतो.

शलाका
जिन्नस कच्चे मोजा, तयार पदार्थ अख्ख्या भांड्यासकट मोजा, मग ताटातला वाटा मोजा. पाण्यात कॅलरी नसतात, त्यामुळे वरण पातळ की घट्ट हा प्रश्नच उरत नाही.

तूरडाळ १५० ग्रॅम, म्हणजे सुमारे ४९५ कॅलरी. फोडणीचं तेल १५ ग्रॅम, म्हणजे १३५. एकूण ६३०. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी करून ठेवा, वरण झालं की पातेल्यासकट मोजा आणि रिकाम्याचं वजा करा. समजा ९०० ग्रॅम वरण निघालं, तर ग्रॅमला ०.७ कॅलरी. तुमची वाटी १५० ग्रॅमची असेल तर १०५ कॅलरी. ॲपमध्ये पाककृती भरताना 'किती जणांसाठी' तिथे सरळ ९०० लिहा आणि जेवताना १५० वाढप नोंदवा, गुणाकार ॲप करतं. उरलेलं वरण दुसऱ्या दिवशी पाणी घालून उकळलंत तर मात्र कालचा ०.७ चालणार नाही. काल उरलेल्या ग्रॅमांच्या कॅलरी आजच्या नव्या वजनात वाटा.

भाताचंही तसंच. कच्च्या तांदळाला १०० ग्रॅममागे साधारण ३५५ कॅलरी, शिजलेल्याला १३० च्या आसपास. कच्च्याची नोंद निवडून शिजलेल्या भाताचे ग्रॅम भरले की आकडा अडीच-तीन पट फुगतो. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

घरातल्या रोजच्या कढया, पातेली आणि कुकरची भांडी एकदा रिकामी मोजून त्यांची वजनं फ्रीजवर चिकटवून ठेवा. आईंना काही करावं लागणार नाही.

तराजू
पोळी भाजल्यावर मोजू नका, उंडा मोजा. भाजताना पाणी किती उडालं हे तव्यावर अवलंबून असतं.

कणीक ३०० ग्रॅम (९६०), तेल १० ग्रॅम (९०), पाणी १९० ग्रॅम. भिजलेला गोळा ५०० ग्रॅमचा आणि १०५० कॅलरींचा, म्हणजे ग्रॅमला २.१. उंडा ४२ ग्रॅमचा असेल तर ८८ कॅलरी. घडीच्या पोळीत आतून लावलेलं तेल एक-दोन ग्रॅम, म्हणजे आणखी ९ ते १८. लाटताना लागलेली पिठी दोन-तीन ग्रॅम, तिच्या सात-आठ. वरून तूप तीन ग्रॅम लावलंत तर २७. ॲपमध्ये ७० ते १२० का दिसतं, ते यातच आलं. पिठीचा डबा पोळ्या करण्याआधी आणि नंतर मोजा, फरकाला पोळ्यांच्या संख्येने भागा.

तेलालाही हीच युक्ती. स्वयंपाक सुरू होण्याआधी तेलाची बुधली काट्यावर ठेवा, संपल्यावर पुन्हा ठेवा. आईंनी पळीने किती घातलं हे विचारायचीही गरज नाही. मात्र एका बैठकीत दोन भाज्यांच्या फोडण्या होत असतील तर मध्ये एकदा मोजायला हवं. तेल मिलीलिटरमध्ये धरू नका. १०० मिलीचं वजन ९१-९२ ग्रॅमच भरतं.

तळणाला: तेलासकट कढई आधी आणि नंतर मोजा, नंतरची थंड झाल्यावर. तळताना वाफ होते ती पदार्थातल्या पाण्याची, तेल उडून जात नाही. म्हणून जो फरक पडतो ते पुऱ्यांनी प्यायलेलं तेल. तळाशी राहिलेला चुरा आधी काढून टाका.

आणि पालक-मेथीच्या ग्रॅमांसाठी जीव टाकू नका. ५० ग्रॅम पालक चुकला तर दहा-पंधरा कॅलरींचा प्रश्न. दाण्याचं कूट ५० ग्रॅम चुकलं तर अडीचशेच्या पुढे. तेल, तूप, कूट, खोबरं आणि साखर यांना काटा लागलाच पाहिजे.

नारायणपेठ
काट्याबद्दल. तो सपाट, कडक ओट्यावरच ठेवा. खाली फडकं, प्लास्टिक किंवा हलणारी फरशी नको. वर पंखा नको. गरम कढई थेट ठेवू नका, आतला सेन्सर तापला की आकडा सरकतो. लाकडी पाट ठेवून शून्य करा, मग कढई. सेल उतरले तरी असेच खेळ चालतात.

शून्य केल्यावर चिमूट-चिमूट साखर टाकत गेलात तर बरेच काटे हलतच नाहीत, कारण शून्याजवळचा बारीक फरक ते आपोआप पुसून टाकतात. म्हणून साखरेचा डबाच काट्यावर ठेवून शून्य करा, साखर काढा आणि डबा परत ठेवा. जेवढं उणे दिसेल तेवढी साखर गेली.

पारखायला दहा रुपयांची दहा नाणी ठेवा. एक नाणं सुमारे ७.७ ग्रॅमचं, म्हणजे ७७ दिसायला हवेत. मग काट्याच्या चारही कोपऱ्यांवर तीच नाणी ठेवून बघा. कोपऱ्यागणिक आकडा बदलत असेल तर भांडं नेहमी मधोमध ठेवा. युनिटचं बटण चुकून दाबलं जाऊन औंस लागलंय का, तेही बघा.

कर्वेनगरकर
खूप उपयोग झाला. दोन शंका राहिल्या. चतुर्थीला साबुदाणा रात्रीच भिजवलेला असतो, तो कसा मोजू? आणि पोळीच्या दोन नोंदींत कणीकच वेगळी दिसते, एकीकडे १०० ग्रॅमला ३२०, दुसरीकडे ३४०. खरं काय?

शलाका
साबुदाणा भिजवण्याआधी कोरडा मोजा. राहून गेलं तर डब्यावरची खूण बघून अंदाज नको. पुढच्या वेळी २०० ग्रॅम भिजवून त्याचे किती ग्रॅम होतात ते एकदा काढा, प्रमाण सापडेल. कडधान्यांनाही हेच.

कणकेचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत कर्बोदकांतून तंतू वेगळे काढलेले असतात, अमेरिकी तक्त्यांत ते कर्बोदकांतच धरतात. शिवाय आपल्या तक्त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये असते, ४.१८४ ने भागावी लागते. एकच तक्ता धरून चाला. नोंद संशयास्पद वाटली तर प्रथिनं आणि कर्बोदकं प्रत्येकी गुणिले ४, स्निग्ध गुणिले ९ करून बेरीज करा; लिहिलेल्या कॅलरींपासून फार लांब गेली तर ती नोंद सोडून द्या.

तराजू
मेसचा डबा असेल तर उंडा मिळत नाही, तेव्हा तयार पोळी ग्रॅमला ३ कॅलरी धरा. रस्सा वाटीत ओतून पाच मिनिटं ठेवा, वर किती तवंग येतो ते बघून तेलाची वेगळी नोंद करा. केळं, आंबा, मटार हे साल-कोय-शेंगा काढून मोजायचे. केळ्याच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा सालच असतो.