बूटलोडर अनलॉक करू का नको?

खानापूरकर: फोन अजून मस्त चालतोय ओ, पण कंपनीने अपडेट बंद केलेत म्हणून बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करून लिनिएजओएस (अँड्रॉइडवरच बेतलेली, दुसऱ्यांनी बनवलेली फुकट सिस्टीम) टाकावं म्हणतोय. शहापुरातला दुकानवाला म्हणतो यूपीआय बंद पडणार. पैसे मोजून फोन मी घेतलाय, मग आत काय टाकायचं ते दुसऱ्याने का ठरवायचं?

वडगाव_टेक: अनलॉक करताना सगळा डेटा उडतो, फोटो आधी दुसरीकडं कॉपी करून घे. ते मुद्दाम तसंच ठेवलंय, नाहीतर चोरानं अनलॉक करून तुझंच सगळं वाचलं असतं की. यूपीआयचं म्हणशील तर बरेच पैशाचे ॲप प्ले इंटिग्रिटीला (गूगलची फोन तपासायची सोय) विचारतात, फोन आणि त्यातली सिस्टीम ओरिजिनल हाय का, आणि नाही म्हटलं की उघडतच नाहीत. गंमत बघ, पॅच (सुरक्षेतली भोकं बुजवणारे अपडेट) न मिळालेला जुना फोन बऱ्याचदा पास आणि ताजे पॅच घातलेला लिनिएज नापास! ह्याला सुरक्षा म्हणायचं होय?

निपाणीची_ताई: दादा, बोलायला सोपं हाय. आमच्या मामांना व्हॉट्सॲपवर आरटीओ चलानच्या नावाखाली खोटी एपीके (ॲप टाकायची फाईल) आली, त्यांनी सगळ्याला अलाऊ अलाऊ केलं, एसएमएस वाचायची परवानगी पण दिली, मग ओटीपी जाणारच की. त्यांच्या फोनला कुलूप पाहिजेच.

वडगाव_टेक: ताई, कुलूप असू दे, किल्ली मालकाकडं पाहिजे एवढंच. गूगलच्या पिक्सेल फोनवर ग्राफीनओएस (लिनिएजसारखीच दुसरी सिस्टीम) टाकून बूटलोडर परत लॉक करता येतो, मग बाकीच्या कंपन्यांना काय झालंय?

खानापूरकर: पिक्सेल घ्यायला पैसे कोण देणार ओ 😄 ह्याच्यात लिनिएज टाकतो, यूपीआय बायकोच्या फोनवर.