मदत हवी आहे: झप्पाच्या 'रूबेन अँड द जेट्स'चं मूळ मिक्स

मंडळी, अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झप्पाच्या मदर्स ऑफ इन्व्हेन्शन या बँडचा १९६८ चा अल्बम 'क्रूझिंग विथ रूबेन अँड द जेट्स' कुणाकडे आहे का? कव्हरवर कुत्र्याच्या तोंडाचे गवई, आत डू-वॉपची, म्हणजे १९५० च्या दशकातल्या अमेरिकन समूहगायनाची, यथेच्छ टिंगल. पण रे कॉलिन्स गायला लागला की टिंगल कुठली नि प्रेम कुठलं, कळेनासं होतं. माझी सीडी जुनी. तिच्यात झप्पाने ऐंशीच्या दशकात पुन्हा वाजवून घेतलेले बास-ड्रम्स आहेत, फारच चकचकीत! मूळ मिक्स २०१० च्या 'ग्रीझी लव्ह साँग्ज'मध्ये आलं. ती सीडी पुण्या-मुंबईत कुठे मिळेल? की सरळ जुनी एलपीच शोधू? आणि पेंग्विन्स या गटाच्या 'अर्थ एंजल' गाण्यानंतर अस्सल डू-वॉपमधलं काय ऐकावं?