स्लीव्हनंतर वजन परत आलं, तर दुसरं ऑपरेशन मागायचंच नाही का?

नंदनवनवाली: एका फिटनेसवाल्याची पोस्ट कालपासून नागपूरच्या सगळ्या ग्रुपवर फिरून राहिली आहे. म्हणे, "एकदा पोट कापून झालं, पुन्हा फुगले, आता परत टेबलावर चढायला निघाले. यांना सर्जन नको, जिभेला कुलूप पाहिजे." मला ती चार जणांनी पाठवली, त्यात माझी सख्खी नणंद. म्हणून उत्तर देते.

स्लीव्ह, म्हणजे वजन उतरवायला जठर कापून नळीएवढं करायचं ऑपरेशन, झाली तेव्हा माझं वजन ११८ किलो होतं. ७६ पर्यंत उतरलं, बाळंतपणानंतर चढत चढत ९८ झालं. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण हिस्सा काढतात. भूक लावणारं घ्रेलिन मुख्यतः त्याच भागात बनतं, म्हणून सुरुवातीला भूक पळते. पण उरलेली नळी काही वर्षांत सैल पडू शकते. शिवाय वजन उतरलं की शरीर कमी उष्मांकात भागवायला शिकतं. कधीच जाड नसलेली बाई जेवढं खाऊन आहे तशी राहते, तेवढंच खाऊन माझं वजन वाढतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन झालेल्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. तिथेही पहिल्या एक-दोन वर्षांनंतर थोडं वजन परत आलेलं दिसलंच. मग त्या सगळ्यांच्याही जिभेला कुलूप लावायचं का?

आणि माझा खरा त्रास रात्रीचा आहे. आडवी झाले की आंबट पाणी घशाशी येतं. उशांची चळत लावून बसल्या बसल्या झोपते. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला जखमा दिसल्या. सर्जन म्हणतात, स्लीव्हचं बायपास करून घ्या, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडायची.

महालचा पैलवान: ताई, त्यानं लिहिलं वाईट, पण सगळंच खोटं नाही. माझ्या मोठ्या भावाचं सांगतो. ऑपरेशननंतर त्याला पोळी अडकायची, म्हणून चहा-टोस्ट सुरू झाला. मग चिवडा, मग रात्री आईस्क्रीम. मऊ अन् पातळ नळीतून सर्रकन उतरते, पोट भरल्याचं समजतच नाही. प्रोटीन रोजचं साठ ग्रॅम सांगितलं होतं, अन् घरात संत्रा बर्फीचा डबा उघडा. आता तो म्हणून राहिला, परत करतो. दुसऱ्या वेळी आत सगळं चिकटलेलं असते, गळतीचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असते. आमची म्हातारी आई आयसीयूबाहेर बसली होती, ते मी पाहिलं आहे. परत नाही पाहणार.

नंदनवनवाली: तुमच्या भावाचं दुखणं माझ्या माथी काहून मारता? मी बर्फी खाते हे कोणी सांगितलं तुम्हाला?

मानेवाड्याचा नितळ: इंजेक्शन घ्या ना बाप्पा. वजन उतरवणारं टिर्झेपॅटाइड २०२५ मध्येच भारतात आलं. चिरफाड कशाला?

रामदासपेठेतली आहारतज्ज्ञ: वजन परत आलेल्यांना ते इंजेक्शन उपयोगी पडतं, पण बंद केलं की वजन पुन्हा चढतं. आणि त्यानं जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. आधीच ॲसिड वर येणाऱ्या बाईला ते सोसेल का, हे तिच्या डॉक्टरनं ठरवायचं. पैलवानभाऊ, दिवसभर थोडं थोडं चरणं मी रोज पाहते, त्यात तुमचं खरं आहे. पण चरणारा माणूस आणि रिफ्लक्सचा, म्हणजे ॲसिड वर येण्याचा, पेशंट एका मापानं मोजू नका. आधी बेरियम (पांढरं औषध पाजून काढतात तो पोटाचा एक्स-रे), एंडोस्कोपी, थायरॉइड आणि सुरू असलेली औषधं तपासा. एवढं न करता कोणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर तिथून उठून या.

प्रतापनगरचा पॉलिसीधारक: हे सगळं ठीक, पैसे कोण देते? माझ्या बायकोचं प्रकरण विमा कंपनीनं फेटाळलं. विमा नियामक इर्डाच्या २०१९ च्या नियमात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४० पाहिजे, किंवा ३५ च्या वर अन् सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास नाहीतर आटोक्यात नसलेला मधुमेह. तिचा ३७, साखर गोळ्यांवर बरी. म्हणजे साखर बिघडवून आणायची का? इकडे सर्जनांच्या संघटनांनी २०२२ मध्ये आशियाई लोकांसाठी २७.५ ची रेघ आखली. हप्ता घेताना एजंट घरी येऊन चहा पितो, आता फोन उचलत नाही.

नंदनवनवाली: माझाही ३८ आहे. रिफ्लक्स तर त्या यादीतच नाही.

टीपीए डेस्कवर काम केलेला: टीपीए म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेमच्या फायली तपासणारी संस्था. इथेच लोक फसतात. अर्जावर निदान "लठ्ठपणा" लिहिलं की फाइल सरळ त्या कलमात जाते. तुमचं ऑपरेशन अन्ननलिकेच्या जखमेसाठी असेल तर सर्जनकडून तसं स्पष्ट लिहून घ्या. एंडोस्कोपीचा रिपोर्ट अन् ॲसिडच्या गोळ्या किती महिने खाल्ल्या त्याची चिठ्ठ्यांसकट नोंद जोडा.

प्रतापनगरचा पॉलिसीधारक: म्हणजे खेळ शब्दांचाच. तुमच्यासारख्यांनीच हे जंगल वाढवलं.

टीपीए डेस्कवर काम केलेला: खोटं निदान लिहा असं मी म्हटलं नाही. जे खरं आहे तेच अर्जावर पाहिजे. तोंड सांभाळून बोला. नाकारलं तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही.

प्रतापनगरचा पॉलिसीधारक: हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. लेखी नकार शोधतो. एजंटाबद्दलचं मत मात्र तेच.

महालचा पैलवान: ताई, अन्ननलिकेसाठी करत असाल तर माझं काही म्हणणं नाही. करा. वजनासाठी असेल तर माझा विरोध आहे, अन् तो राहील.

नंदनवनवाली: दोन्हीसाठी आहे, भाऊ. बायपासनं वजन पुन्हा ७६ वर येईल असं सर्जनही म्हणत नाहीत. थोडं उतरलं तरी मला पाहिजे, अन् ते मागताना मी मान खाली घालणार नाही. बेरियम झाल्यावर रिपोर्टमध्ये काय आलं ते इथे लिहीन. तुमच्या भावालाही तपासणी करायला लावा.