स्केचअप : आडवी काढलेली महिरप उभी कशी करायची? (मदत हवी आहे)

नमस्कार. बाबांचं सुतारकामाचं वर्कशॉप आहे. लाकूड कापायच्या आधीच गिऱ्हाइकाला देव्हारा स्क्रीनवर दाखवता यावा म्हणून मी महिनाभर स्केचअप (त्रिमितीय आराखडे काढायचं सॉफ्टवेअर) शिकते आहे. चौरंग, खांब, कळस जमले. महिरपीपाशी अडलंय.

नक्षी वरून बघत काढायला सोपी जाते, म्हणून महिरप टॉप व्ह्यूमध्ये जमिनीवरच काढली. रुंदी ६०० मिमी, उंची ३५०, पुश-पुलने (पृष्ठभाग ओढून जाडी देणारं टूल) १८ मिमी जाडी दिली. आता ती दोन खांबांमध्ये उभी हवी. रोटेट (फिरवायचं टूल) घेतलं की कर्सरपाशी दिसणारा कोनमापक निळाच, म्हणजे उभ्या अक्षाभोवती फिरवणारा, राहतो आणि ९० टाकून एंटर दिलं की महिरप जमिनीवरच घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. पायाच्या डाव्या-उजव्या बाजूच्या १८ मिमी पट्टीवर कर्सर नेला की कोनमापक लाल होतो खरा, पण कोपऱ्यावर क्लिक करायला जावं तोवर परत निळा.

एकदा उभी झाली, तर नुसता वरचा पृष्ठभाग उचलला गेला आणि बाजूच्या पट्ट्या ताणून वेड्यावाकड्या झाल्या. दोन संध्याकाळी यातच गेल्या. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
ताई, आधी महिरपीवर तीनदा क्लिक करून सगळी निवडा, राइट क्लिक करून ग्रुप करा. एका क्लिकमध्ये फक्त एकच पृष्ठभाग निवडला जातो, म्हणून पट्ट्या ताणल्या गेल्या.

मग क्यू दाबून रोटेट घ्या आणि कीबोर्डवरचा उजवा बाण दाबा. कोनमापक लाल रंगावर लॉक होईल, कर्सर कुठेही न्या. (लाल आणि हिरवा हे जमिनीवरचे दोन आडवे अक्ष.) पायाच्या कोपऱ्यावर पहिला क्लिक, तिथून हिरव्या अक्षाच्या दिशेने शेंड्याकडे दुसरा, मग कर्सर वरच्या दिशेने नेऊन ९०, एंटर. उलटी जमिनीखाली गेली तर लगेच -९० टाका. हे पायांची रेघ लाल अक्षाला समांतर आहे असं धरून सांगतोय. हिरव्याला समांतर असेल तर डावा बाण.

प्रतिसाद २ (धागाकर्ती)
उभी राहिली! मनापासून आभार, दादा. फक्त पाय जमिनीला टेकत नाहीत, बरोबर १८ मिमी हवेत आहेत. असं का?

प्रतिसाद ३
तुम्ही पहिला क्लिक पट्टीच्या वरच्या कोपऱ्यावर केलात. तो बिंदू जागचा हलत नाही, म्हणून महिरप तेवढ्याच उंचीवर उभी राहिली. अनडू करून जमिनीला टेकलेला खालचा कोपरा धरा.